गोटीमिस्त्री आणि हलणारं जहाज

अरे, तू गेल्याला सात महिने झाले आणि लोक अजून जहाजाची गोष्ट चुकीची सांगतात. परवा तुझ्या मुलीकडे गेले, तर तिची शेजारीण मलाच ऐकवत होती की तू म्हणे तरुणपणी नौदलात होतास. तू साधं पोहायला शिकला नाहीस. तळ्याच्या पायरीवर बसून पाय भिजवायचास आणि पायरी तिरकी बसवलीय म्हणून कुरकुरायचास. म्हटलं, आता हे एकदा नीट लिहून काढावं. तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण तू तोंड बंद ठेवून घोळ घालायचे आणि मी ते निस्तरायचे, ही आपली जुनी वाटणी आहे. तुझी गोष्ट तुलाच काय सांगायची, म्हणून वाचणाऱ्यांकडे वळते. मध्ये बोलू नकोस.

तर, हा माणूस फरशी बसवणारा. बाप गवंडी होता. थोरली मुलगी पुस्तकांत रमली, म्हणून तिला कॉलेजात घातलं. धाकट्याला आठवीत शाळेचा कंटाळा आला, म्हणून तो बापाच्या हाताखाली गेला. यात त्याग वगैरे काही नाही. त्याला गणिताच्या मास्तरांची भीती वाटायची, एवढंच. पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्यानं गुडघ्यांवर काढली. गुडघ्यांना असे घट्टे पडले होते की डॉक्टरनं तपासायची छोटी हातोडी मारली तर टकटक आवाज यायचा.

खिशात कायम एक काचेची गोटी. हिरवी, आत पांढरी रेघ. सपाटी बघायच्या पाणसळीतला बुडबुडा एक वेळ खोटं बोलेल, गोटी बोलणार नाही, हे त्याचं ठाम मत. कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी गोटी जमिनीवर ठेवायची. जागच्या जागी राहिली तर मान डोलवायची. घरंगळली तर घरमालकाकडे असं बघायचं, की त्या बिचाऱ्याला आपण चोरीचा माल घरात ठेवलाय असं वाटावं. मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेला, तेव्हा गोटी थेट दिवाणाखाली गेली. मग हा आणि मुलीचा भावी सासरा, दोघे पोटावर झोपून केरसुणीनं ती बाहेर काढत होते. सोयरीक जमली, कारण सासऱ्यालाही त्या ढाळाचा बरीच वर्षं संशय होता. गावभर त्याला गोटीमिस्त्री म्हणत. खरं नाव घेतलं असतं तर त्यानंच मागे वळून पाहिलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. जहाजावर जायच्या आठ महिने आधी, एका स्वयंपाकघराची शेवटची टाइल ठोकून तो उठला आणि सगळी खोली त्याच्याभोवती गर्रकन फिरली. कानात शिट्टी वाजली. तो तसाच खाली बसला आणि सांधा तपासत असल्याचं नाटक केलं. घरमालकीण म्हणाली, "किती बारकाईनं बघता हो मिस्त्री." दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग वरचेवर. मान वर केली की, डाव्या कुशीवर वळलं की.

दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. हा गेला नाही, कारण मुलीचं नवं घर उभं राहत होतं. त्या घराची फरशी हाच घालणार, हे पाया खणायच्या आधीपासून ठरलेलं. मुलगी मात्र अधूनमधून म्हणायची, "बाबा, तुमचे गुडघे बघा. लेझरवाल्याला देऊ या ना." लेझरवाला म्हणजे एक तरुण मिस्त्री. खोलीच्या मधोमध एक यंत्र ठेवायचा, ते चारी भिंतींवर लाल रेघ पाडायचं आणि तो स्वतः फोन बघत बसायचा. गोटीमिस्त्रीला तो डोळ्यांसमोर नको असे. घेरी येते हे मुलीला कळलं असतं, तर लाल रेघ दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली असती.

म्हणून लपवाछपवी सुरू झाली. घेरी आली की भिंतीला बोट लावायचं, गिलावा तपासल्यासारखं. नाहीतर वाकून बुटाची नाडी बांधायची. रस्त्यात असला तर बायकोच्या हातातली पिशवी मागून घ्यायची आणि पिशवीच्या निमित्तानं तिचा हात धरायचा. बायको शेजारणींना सांगायची, "म्हातारपणी सुधारले बाई."

अशात मुलीनं आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पाच दिवसांची जहाजाची सहल ठरवली. खोली तीन पलंगांची मिळाली. तिसरा रिकामा जात होता म्हणून थोरल्या बहिणीला बरोबर घेतलं, आणि तसं तिच्या तोंडावर सांगितलंही. ही बहीण, म्हणजे ताई, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आणि आता हे लिहितेय तीच.

निघायच्या आधी बायकोनं बजावलं, "जहाजावर गोटी काढलीत तर मी उतरून जाईन."

"समुद्रात?"

"हो. समुद्रात. लोक तरी कमी हसतील."

पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणघरात दीडेकशे माणसं ताटं घेऊन इकडून तिकडे फिरत होती. आपलं आपण वाढून घ्यायचं, अशी पद्धत. मिस्त्री दोन हातांत सूपचे दोन वाडगे घेऊन टेबलाकडे यायला निघाला, आणि निम्म्या वाटेत फरशी डावीकडे गेली.

आली, त्याच्या मनात आलं. आणि आजची मोठी आहे.

त्यानं तेच केलं जे आठ महिने करत होता. पाय जरा फाकवले, गुडघे सैल सोडले आणि नजर एका जागी रोवली. जागा म्हणजे बायकोच्या खुर्चीमागच्या खांबाला लावलेलं घड्याळ. आजूबाजूला बघायचं नाही. बघितलं की गरगरणं वाढतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. तोंड त्यानं असं ठेवलं, जसं गिऱ्हाईक काम कधी संपणार म्हणून विचारतं तेव्हा ठेवायचा. आणि चालू लागला. कानात आज शिट्टीऐवजी भांडी फुटल्यासारखा आवाज येत होता, मधूनच बायकांच्या किंकाळ्याही. दुखणं वाढलंय, त्यानं हिशेब केला. आता आवाजाचं सोंग बदललंय.

प्रत्यक्षात काय चाललं होतं? एक मासेमारीची होडी अचानक आडवी आल्यामुळे कप्तानानं जहाज जोरात वळवलं होतं आणि अख्खं जहाज एका अंगावर कललं होतं. ताटांच्या चळती कोसळत होत्या. आइस्क्रीमची गाडी स्वतःहून निघाली होती आणि तिच्यामागे तिचा वाढपी. एक जाडजूड दंतवैद्य खुर्चीसकट खिडकीपर्यंत घसरत गेले आणि तिथं दोन अनोळखी जावांच्या मध्ये बसते झाले. ताईनं खांबाला मिठी मारली होती आणि तिचा चष्मा एका कानावर लटकत होता. आणि या सगळ्यातून गोटीमिस्त्री, देवाला नैवेद्य नेल्यासारखा, दोन वाडगे घेऊन संथ पावलांनी येत होता.

तो टेबलाशी पोचला. वाडगे ठेवले. थेंबही सांडला नव्हता. बसला, चमचा घेतला आणि समोर बघितलं तर खुर्ची रिकामी. बायको टेबलाखाली त्याच्याच पायाला धरून बसली होती.

"खाली काय करतेस?" तो म्हणाला. "सूप निवतंय."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण?" टेबलाखालून आवाज आला.

जहाज हळूहळू सरळ झालं. छतातल्या कर्ण्यातून कप्तान बोलू लागला. समोर होडी आल्यामुळे जहाज एकाएकी वळवावं लागलं, झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कुणाला लागलं असेल तर दवाखान्यात यावं. मिस्त्रीचा चमचा हवेत थांबला. त्यानं पहिल्यांदाच सगळीकडे बघितलं. फुटकी ताटं, दंतवैद्य, जावा, आइस्क्रीम.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "जहाज हललं?"

"नाही, भिंती नाचल्या," ताई खांबामागून म्हणाली. तिचा चष्मा अजून सापडायचा होता. तो तिच्याच कानाला होता.

मिस्त्री हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. बायकोला वाटलं, धक्का बसला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याचं सूप आपण पिऊन टाकलं.

संध्याकाळपर्यंत तो जहाजावर प्रसिद्ध झाला. वाढप्यांचा मुकादम येऊन हात मिळवून गेला. दंतवैद्यांनी विचारलं, "आपण पूर्वी बोटीवर होता का?" मिस्त्री म्हणाला, "नाही, फरशीवर." ते त्यांना फार खोल वाटलं. नौदलाची अफवा तिथूनच निघाली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या डेकवर त्याचा वर्गच भरला. पुढे मिस्त्री आणि मागे ओळीनं पंधरा-वीस म्हातारी माणसं, बदकांसारखी. "नजर एका जागी ठेवा. समुद्राकडे बघू नका, समुद्र कुठं पळून जात नाही. गुडघे सैल. अहो डॉक्टर, सैल म्हणजे वाकवायचे नाहीत, तुम्ही उठाबशा काढताय. वळायचं झालं तर आधी पाय वळवा, मान मागून येऊ द्या. आणि उजव्या कुशीवरून उठायचं, डाव्या नाही."

ताई लांब खुर्चीत बसून ऐकत होती. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर एक कळतं. पाठ केलेलं उत्तर वेगळं आणि अंगावर काढलेलं वेगळं. एका दुपारच्या हेलकाव्यातून माणसाला कुशी कशा कळतात, हे गणित तिला काही जमेना. पण ती गप्प बसली. त्याच्या बायकोसमोर विचारणं म्हणजे कप्तानाच्या कर्ण्यात बोलणं.

चौथ्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं. यंत्रं बंद, दोर बांधलेले. बायको जेवणघरातल्या त्या दोन जावांबरोबर बाजार बघायला उतरली. मिस्त्री खोलीत आडवा झाला होता. तो उठला, कपाट गच्च धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजही समुद्र खवळलेला दिसतो."

ताईनं खिडकीतून पाहिलं. बाहेर धक्का होता. धक्क्यावर एक माणूस खुर्ची टाकून पेपर वाचत होता.

"गोटी काढ," ती म्हणाली.

"ती चिडेल."

"ती उतरलीय. काढ."

त्यानं गोटी काढली. ताईनं ती जमिनीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही.

"खोली फिरतेय अजून?"

"हो."

"मग ही का नाही फिरत?"

मिस्त्री कपाट धरून गोटीकडे बघत राहिला. चाळीस वर्षं त्यानं लोकांना त्यांच्या फरशीचा निकाल ऐकवला होता. अपील कधीच मान्य केलं नव्हतं. तो पलंगावर बसला आणि आठ महिन्यांचं सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघर, भिंतीवरचं बोट, बुटाची नाडी, पिशवी.

"पिशवीसुद्धा?" ताई म्हणाली. "आणि ती बिचारी गावभर कौतुक सांगत फिरतेय."

"मुलीला सांगू नकोस, ताई. तेवढी एक फरशी होऊ दे."

"कानाच्या डॉक्टरकडे चल. बऱ्याचदा कानातलंच असतं ते, सोपं असतं. मंगळवारी मी घेऊन जाते. मुलीला तू स्वतः सांगायचं."

"मंगळवारी डॉक्टर, तर बुधवारी तुझं बाथरूम," तो म्हणाला. ताईच्या बाथरूमचा ढाळ अकरा वर्षं उलटा होता. पाणी जाळीकडे न जाता बेसिनखालच्या कोपऱ्यात जायचं. ती टाइल त्यानंच, घाईत, बसवली होती, आणि त्या घरात त्यानं अकरा वर्षांत गोटी काढली नव्हती.

घरी आल्यावर दोन दिवस सगळ्यांनाच जमीन हलल्यासारखी वाटत होती. बायको दार धरून चालायची, ताई जिना उतरताना थांबायची. मिस्त्रीनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "जहाजाचं आहे, जाईल," असं सगळ्यांना सांगितलं, मंगळवार पुढच्या मंगळवारवर ढकलला आणि सोमवारी मुलीच्या घरी जाऊन कामाला लागला.

पहिली ओळ त्यानं डोळ्यांनी लावली. नऊ टाइल. मग गोटी ठेवली, आणि ती निघाली. सावकाश, पण निघाली. मिस्त्रीनं तिला भिंतीपर्यंत जाऊ दिलं. मग खालचा सिमेंटचा मसाला ओला होता तोवर नऊच्या नऊ टाइल उचलल्या, पुसून भिंतीला लावून ठेवल्या आणि मुलीला हाक मारली.

"लेझरवाल्याला बोलाव."

"का? काय झालं, बाबा?"

"माझी पाणसळ बिघडलीय," तो म्हणाला आणि कपाळावर बोट ठेवलं. मग पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग आत्याला, म्हणजे ताईला, फोन करून तिच्यावर रागावली, कारण ताईला आधी ठाऊक होतं.

फरशी लेझरवाल्यानं घातली. मिस्त्री पाच आठवडे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होता, हातात गोटी घेऊन. लाल रेघ काहीही म्हणो, गोटी जिथं घरंगळली तिथली टाइल पुन्हा उचलावी लागली. तीन वेळा लेझरवाला काम सोडून गेला आणि तीन वेळा परत आला. शेवटी तो फोन बघेनासा झाला, गोटीकडेच बघू लागला. शेवटच्या दिवशी चारी खोल्यांत गोटी जिथं ठेवली तिथं राहिली. मिस्त्रीनं मान डोलवली आणि गोटी त्याच्या हातात दिली.

"आता डॉक्टर," ताई त्या संध्याकाळी म्हणाली.

"काम आत्ताच संपलंय. जरा बसू दे. पुढचा मंगळवार."

बस की मग. त्याच शनिवारी सकाळी, त्याच फरशीवर, खुर्चीत चहा पिता पिता तू गेलास. कान नाही, हृदय. म्हणजे डॉक्टरही मी चुकीचाच निवडला होता.

लेझरवाला परवा येऊन गेला. बाथरूम बघतो म्हणाला, खिशातून तुझी गोटी काढायला लागला. मी म्हटलं, थांब, चहा पी आणि घरी जा. त्या माणसासमोर तुझी ती टाइल उघडी पाडायची मला काही इच्छा झाली नाही. कोपऱ्यात पाणी साचतंय. अंघोळ झाली की मी ते खराट्यानं जाळीकडे ढकलते, आणि बेसिनला धरून, आधी पाय वळवून, मग मान वळवून बाहेर येते.