एकाच गंजातलं औषध

सर्दीच्या औषधाच्या खोक्यावर 'संशोधनाने सिद्ध' असं छापलेलं असतं, ते संशोधन कोणाच्या नाकावर झालं, हे तुम्ही कधी विचारलंय का? नसेलच. नाक दुसऱ्याचं असलं की आपण विचारत नाही. त्यातलं एक नाक विमलबाईंचं आहे. मुक्काम आसेगावच्या अलीकडचं एक खेडं, जिल्हा वाशीम.

विमलबाईंचं माहेर इंझोरीचं. वय पन्नाशीच्या पुढं, किती पुढं ते त्या सांगत नाहीत. निंदण-खुरपणाला जाणाऱ्या बायांची टोळी त्या चालवतात. चालवतात म्हणजे उद्या कोणाच्या वावरात जायचं ते त्या ठरवतात, ऑटोवाल्याला त्या सांगतात, आणि मालकानं प्यायच्या पाण्याची सोय केली नसली तर पाणी येईपर्यंत अख्खी टोळी बांधावर बसवून ठेवतात. आवाज असा की या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरची बाई कंबर सरळ करते. फक्त हिवाळ्यात तो आवाज जातो. दिवाळी सरली की छाती भरते, आणि हरभऱ्याला घाटे धरेपर्यंत खोकला काही सुटत नाही. अडुळसा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, दवाखान्यातलं लाल पातळ औषध झालं. गुण कशाचाच नाही.

या टोळीची एक रीत आहे, ती आधी सांगितली पाहिजे. पूर्वी दुपारच्या सुट्टीत बौद्धवाड्यातल्या बाया एका झाडाखाली बसायच्या आणि माळ्या-कुणब्यांच्या दुसऱ्या. कोणी कोणाला तसं सांगत नसे, बसायची जागा आपोआप कळायची. विमलबाईंनी टोळी हाती घेतली त्या वर्षी पहिल्याच दुपारी जर्मनचा एक रुंद गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, मधोमध ठेवला, आपली भाजी त्यात ओतली आणि सांगून टाकलं, की ज्या बाईला या गंजात हात घालणं जमत नसेल तिनं उद्यापासून दुसरी टोळी पाहावी. दोघी-तिघी गेल्याही. गोजराबाई मात्र बसून राहिली. गोजराबाई माळ्याची, घरचा वांग्या-मेथीचा मळा, जिभेची तिखट. तिनं गंजात भाकरीचा तुकडा बुडवला, चावला आणि म्हणाली, "मीठ नाई टाकलं का वं?" त्या दिवसापासून बेसन, वांगं, आंबाडी, ठेचा, जे ज्या घरून येईल ते त्या एका गंजात. चव कशी लागते ते विचारू नका. पण त्या टोळीत आजतागायत कोणी वेगळं बसून खाल्लेलं नाही.

अशा टोळीकडे शुभांगी आली.

शुभांगी आयुर्वेदाची डॉक्टर, पुढची पदवी घेत होती, बाहेरच्या एका संस्थेतून. तिचा विषय एकिनेशिया. अमेरिकेकडचं झाड, जांभळ्या पाकळ्यांचं, मध्ये काटेरी बोंड. तिकडचे आदिवासी त्याची मुळी फार आधीपासून वापरत होते, नंतर गोऱ्यांनी तिच्या गोळ्या काढल्या. तिनं विहाराच्या ओट्यावर बायांना मोबाइलवर फोटो दाखवला. गोजराबाईनं निरखून पाहिलं आणि ही तर आपल्या झेंडूची सवत दिसते, असा निकाल दिला.

शुभांगीनं सगळं नीट समजावलं, त्यात तिची कुचराई नव्हती. सर्दी-खोकल्यावर हे झाड चालतं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणाच्या अभ्यासात दुखणं थोडं लवकर बरं झालं, कोणाच्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. कोणी मुळी वापरली, कोणी पाला, झाडाच्या जातीही निरनिराळ्या. आणि उन्हातान्हात राबणाऱ्या बायांवर तर कोणी पाहिलंच नव्हतं. म्हणून हिवाळाभर रोज एक कॅप्सूल घ्यायची. निम्म्या बायांच्या डबीत औषध, निम्म्या बायांच्या डबीत नुसती तांदळाची पिठी. कोणाला काय, ते बायांना कळणार नाही आणि शुभांगीलाही नाही. ते गुपित संस्थेच्या कुलपात.

"तुमालेच मालूम नाई?" विमलबाईंना हसू आलं. "मंग डॉक्टर कायले झाल्या?"

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या गावात याआधी पुष्कळ लोक येऊन गेले. कोणी रक्त नेलं, कोणी विहिरीचं पाणी नेलं, कोणी पोरांची उंची मोजून गेलं. परत कोणी आलं नाही. ते रक्त बरं निघालं की वाईट, कोण जाणे. तेव्हा विमलबाईंनी एकच अट घातली. माझी छाती दर हिवाळ्यात भरते, हे झाड तिच्यावर चालतं की नाही ते मला पाहिजे. निकाल लागला की इथं, या ओट्यावर येऊन सांगायचा. शुभांगीनं शब्द दिला, विमलबाईंनी टोळी दिली.

पुढं जे झालं ते याच टोळीत होऊ शकत होतं.

डब्या घरी राहिल्या तर बाया विसरतील, म्हणून कॅप्सूल दुपारी वावरातच घ्यायचं ठरलं. पहिल्याच दुपारी गोजराबाईच्या घशात ती अडकली. बायांना चूर्ण ठाऊक, काढा ठाऊक. ही चकचकीत नळी पोटात कशाला टाकायची, ते कोणाला पटेना. दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं नळी दोन्हीकडून धरून उघडली आणि भुकटी जिभेवर घेतली. जीभ झिणझिणली. अक्कलकाढ्याचं फूल चावल्यावर होते तशी. तिचं पाहून सगळ्यांनी नळ्या उघडल्या. कोणाची जीभ झिणझिणली, कोणाची ढिम्म.

कॅप्सूल याचसाठी होती. जीभ एकिनेशियाच्या भुकटीला ओळखते हे शुभांगीला ठाऊक होतं, म्हणून तर ती नळीत बंद केलेली. नळी उघडू नका एवढं सांगायचं मात्र तिला सुचलं नाही. कॅप्सूल उघडून कोण खातं?

दोन दिवसांत टोळीत झिणझिणवाल्या आणि ढिम्मवाल्या असे दोन तट पडले. ढिम्मवालीला शिंक आली की ती झिणझिणवालीकडे डोळे वटारून पाही. एकीनं डबा उचलला आणि वेगळ्या झाडाखाली जाऊन बसली. विमलबाईंची स्वतःची जीभ झिणझिणणाऱ्यांत होती. त्यांनी पाहिलं, आणि ओरडायला आवाज नव्हता म्हणून उठून त्या बाईला हाताला धरून परत आणलं. मग साऱ्यांच्या डब्या मागून घेतल्या, त्या दिवसाच्या नळ्या उघडून भुकटी गंजात झटकली, गूळ कालवला आणि बोटाबोटानं साऱ्यांना सारखं चाटवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हिवाळाभर तेच. टोळी पुन्हा एका झाडाखाली आली, आणि विमलबाईंच्या लेखी विषय संपला.

शुभांगी रोज फोन करी. नाक वाहतं का, घसा दुखतो का, ताप आहे का. बाया खरं ते सांगत.

उन्हाळा लागता लागता ती आली. शब्द पाळून आली, हे विमलबाईंनी आधी मनात नोंदवलं. असा परत आलेला माणूस त्या गावानं पाहिला नव्हता. विहाराच्या ओट्यावर बाया बसल्या आणि शुभांगीनं निकाल सांगितला. कुलूप उघडलं, दोन्ही गट ताडून पाहिले. औषधवाल्या आणि पिठीवाल्या सारख्याच आजारी पडल्या, सारख्याच दिवसांनी बऱ्या झाल्या. या झाडाचा इथं काही उपयोग दिसत नाही. आता तेच लिहून ती संस्थेत देणार होती आणि त्यावर तिची पदवी होती.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. गोजराबाईनं विमलबाईंना कोपरानं ढोसलं आणि पुटपुटली, "चूप राय. पोरीचं काम होऊन राह्यलं, होऊ दे."

गप्प राहणं सोपं होतं. शुभांगीला पदवी मिळाली असती, टोळीला कोणी बोललं नसतं. पण विमलबाईंनी उत्तर मागितलं होतं, आणि हे उत्तर खोटं आहे हे त्या ओट्यावर साऱ्यांना ठाऊक होतं, एका शुभांगीशिवाय.

"शुभांगीबाई, ते लिहू नका," विमलबाई म्हणाल्या. "आमी साऱ्याइनं एकच औषध खाल्लं."

"एकच म्हणजे?"

"कॅप्सूलच्या नया फोडल्या, गंजात झटकल्या, गुयात कालवल्या. म्याच. बाकीच्याइचं काई नाई त्यात."

शुभांगीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "मी रोज फोन करत होते, विमलताई. रोज. एकदा तरी सांगायचं."

"तुमी नाकाचं पुसत होत्या. वाटून खाल्लं का, हे कवा पुसलं?"

"अहो, औषध कोण वाटून खातं?"

"आमी," गोजराबाई म्हणाली.

विमलबाईंनी मग टोळी कशी फुटायला लागली होती ते सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावात नाही. पण ज्या उत्तरासाठी आपण डबी घेतली ते आपणच गुळात कालवलं, हे त्यांना सांगता सांगताच उमगलं.

शुभांगी त्या दिवशी तशीच निघून गेली. तिनं खरं ते लिहून दिलं, की या टोळीचे आकडे कामाचे नाहीत. पदवी लांबली. गावात बोभाटा झाला, की विमलबाईनं पोरीचं वाटोळं केलं. विमलबाईंनी ते ऐकून घेतलं. भांडल्या नाहीत, यावरूनच त्यांच्या मनात काय चाललंय ते टोळीला कळलं.

पुढच्या दिवाळीनंतर शुभांगी पुन्हा आली. या वेळी विहारात नाही, थेट वावरात, ऐन जेवणाच्या वेळी. खाली बसली. गंजात हात घातला. मग म्हणाली, या खेपेला एका टोळीत दोन तऱ्हा नाहीत. आजूबाजूच्या बऱ्याच टोळ्या घेतल्यात. काही टोळ्यांना अख्खं औषध, काहींना अख्खी पिठी. वाटून खा नाहीतर कसंही खा, पण नळी उघडायची नाही.

गोजराबाईनं लगेच विचारलं, "आन आपल्या वाट्याले पिठी आली तं?"

साऱ्या बाया विमलबाईंकडे पाहू लागल्या. थंडी पडली होती, त्यांची छाती भरायला लागली होती, आणि मागच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या जिभेला झिणझिण लागली होती. हवं तर त्यांना नाही म्हणता येत होतं.

"तं पिठी," विमलबाई म्हणाल्या. "साऱ्याइले."

यंदाच्या हिवाळ्यात ती टोळी रोज दुपारी कॅप्सूल गिळते. विमलबाई समोर उभ्या राहून गिळवतात. गोजराबाईला तीनदा पाणी लागतं. विमलबाईंचा खोकला आहेच. औषधावरही असतो, पिठीवरही असतो, तेवढ्यावरून काही कळत नाही. एकदा त्यांनी आपली नळी बोटांत धरून फिरवली, दोन्ही टोकं चाचपली आणि मग तशीच तोंडात टाकली. निकाल लागायचा आहे.

तुमच्या ओळखीत कोणी असा अभ्यास घेऊन खेड्याकडे निघालं असेल, तर त्याला एवढा निरोप द्या. डब्या वाटायच्या आधी एक दुपार त्या माणसांसोबत जेवायला बस म्हणावं. खुर्चीवर नाही, खाली.