नावाड्याचं वाक्य

२०२३ साल होतं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, माझा हा दोस्त माझ्याहून थोडा लहान. चहाच्या टपरीवर उभा राहून त्यानं डाव्या हाताचा तळवा तोंडाच्या कडेला धरला आणि टपरीवाल्याला हळूच काही सांगितलं. मी शेजारीच उभा, पण मला ऐकू आलं नाही. दोन चहा पुढं आले तेव्हा कळलं.

आमच्या चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत सारा जन्म त्यानं प्रॉम्प्टर म्हणून काढला. विंगेत बसायचं, नट अडला की तळव्याच्या आडून वाक्य द्यायचं. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला जाऊ नये, असं. नटानंही विंगेकडं न पाहता ते उचलायचं. पुढं तीच सवय घरीदारी लागली. भाजीचा भावसुद्धा तो तसाच करायचा. भाजीवाली म्हणायची, "काऊन भाऊ, चोरीचा माल आहे का हा?" तुमच्याही पाहण्यात असा कोणी असेल, ज्याचं काम सुटलं तरी अंगातून गेलं नाही.

मी त्याच नाटक कंपनीत पडदा ओढायचो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण माझा पडदा कधी अडकला नाही, हे इथं सांगून ठेवतो.

एकदा पहारेकऱ्याचं काम करणारा आजारी पडला आणि मला उभं केलं. वाक्य एकच होतं, "महाराज, शत्रू वेशीवर आला." ते नेमकं विसरलो. त्यानं विंगेतून दिलं. परत दिलं. मला रागच आला. माझं वाक्य मला हा सांगणार? मी भाला टेकवून ठेवला, आत गेलो आणि पडदा पाडून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराज मात्र तलवार घेऊन माझ्या मागं धावले. तेव्हापासून मी कुठंही अडलो की तो म्हणायचा, "उचल ना, भाऊ. दिलेलं वाक्य उचलाले का ताकद लागते?"

कंपनी सुटल्यावर दुपारची जेवणं झाली की तो माझ्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसायचा आणि मला कादंबरी वाचून दाखवायचा. एकच. जाडजूड, पुठ्ठा दोनदा चिकटवलेला. त्यात एक राज्य, बोलणारी सांबरं आणि एक नदी. तिच्याशी कोणी बोलत राहिलं तर ती शांत, गप्प झालं की चढते आणि गाव गिळते. म्हणून एक म्हातारा नावाडी जन्मभर तिच्याशी बोलत राहतो. नावाड्याचं बोलणं आलं की हा माणूस तळवा खाली घ्यायचा आणि मोकळ्या गळ्यानं वाचायचा. तेवढ्यापुरताच त्याचा खरा आवाज ऐकायला मिळायचा. भारदस्त होता.

नावाड्याचा आवाज बसतो, तिथं शेवटचं प्रकरण लागायचं. तिथं तो पुस्तक मिटायचा.

"काऊन बे? पुढं काय?"

"आज नाई, भाऊ."

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून.

मग त्याचाच गळा धरला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करू, पण आवाज जाईल. त्याच दिवसांत त्या कादंबरीचा सिनेमा निघाला. लेकीनं त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. नावाडी तरणाबांड, उघड्या छातीचा.

"हा नाव चालवते का कुस्त्या खेळते?" तो भडकला. "मी नाई जात पाहाले."

दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात हजर. "ऑपरेशनच्या आधी पाहून घेऊ, भाऊ."

चंद्रपूरला गेलो. पडद्यावर जंगल आलं, धुक्यातून सांबर पुढं येऊन बोललं, तेव्हा त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "अस्संच. अस्संच होतं बे माह्या डोक्यात." त्याचे डोळे वाहत होते.

शेवटी नावाड्याचा आवाज गेला. नाव माणसांनी भरलेली, पाणी चढत आलेलं. नट नुसता उभा. आणि माझ्या शेजारी डावा तळवा वर आला.

"आता तुम्ही बोला." थांबून पुन्हा, "आता तुम्ही बोला..."

पुढच्या रांगेतलं पोरगं वळलं. "ओ काका, चूप बसा ना!"

"तू चूप बस!" मी ओरडलो. "तो वाक्य देऊन राह्यला, दिसत नाई का?"

नटानं उचललं नाही. आभाळातून उजेड पडला, नावाड्याचा आवाज परत आला आणि गाणं सुरू झालं. ह्यानं तळवा हळूच मांडीवर ठेवला.

बसस्टँडवर म्हणाला, "सिनेमातला नट आपलं ऐकत नाई, हे मले समजते. निघून गेलं तोंडातून." मग पिशवी जवळ ओढली. "खोटं केलं त्यायनं. पुस्तकात त्याचा आवाज वापस येत नाई."

"मग शिव्या घाल ना."

"कशा घालू? तो बोलला तवा मले किती बरं वाटलं." त्यानं गळ्यावर हात ठेवला. "मले समजूनच नाई राह्यलं, भाऊ."

"मग पुस्तकात नदी गाव गिळते का?"

त्यानं पिशवीतून कादंबरी काढून माझ्या हातात दिली. "वाचून पाहा."

"तूच वाच. माझे डोळे बरे नाईत."

"डोळ्याचं नाई ते," तो हसला. "उचल ना, भाऊ."

बस आली.

ऑपरेशन झालं, पण तो नागपूरहून जिता परत आला नाही. गावच्या नदीवर त्याला पोचवलं. माणसं पुष्कळ होती, बोलत कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, पुस्तक घेतलं आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. शेवटचं प्रकरण उघडलं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचू लागलो. नावाडी उरल्यासुरल्या आवाजात नावेतल्या माणसांना म्हणाला, आता तुम्ही बोला. आधी कोणीच बोललं नाही. मग एक म्हातारी नदीशी बोलली. पुढं एक अवघड जोडाक्षर आलं आणि मी अडलो.

त्याची लेक मागं दारात उभी होती. तिनं हळूच तो शब्द सांगितला.

मी वळून पाहिलं नाही. शब्द उचलला आणि पुढं वाचत गेलो.