पाच हजारांत न सापडलेली मोठ्याई

गंगापूरचे साहेबराव मुलीच्या लग्नाचं ठरवायला छावणीतल्या सुदर्शनच्या स्टुडिओत आले, तेव्हा त्यांनी अल्बमचे नमुने उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "आमच्या शेजाऱ्याच्या लग्नात चार हजार फोटो निघाले. आपले पाच हजाराच्या खाली नको. बाकी तुमी बघा."

सुदर्शननं मान डोलावली. बावीस वर्षं तो लग्नाचे फोटो काढत होता. आकडा ऐकून दचकावं असं त्यात त्याला आता काही वाटत नसे. बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा फोटो निघतात. मंगलाष्टक संपून अक्षता खाली पडेपर्यंत शंभर झालेले असतात. पाच हजार म्हणजे बोटाला थोडा ताप, दुसरं काय?

लग्न फेब्रुवारीत झालं. मेमरी कार्डं रिकामी केली तेव्हा आकडा भरला पाच हजार दोनशे बारा. साहेबराव खूश झाले. त्यांनी तो आकडा पाहुण्यांत दोनदा सांगितल्याचंही सुदर्शनच्या कानावर आलं.

पंधरा दिवसांनी नवरीचा, म्हणजे प्रेरणाचा, सासरहून फोन आला.

"दादा, तीन दिवस झाले फोटो बघतेय. मोठ्याईचा एकबी नाय सापडत. एखादं फोल्डर द्यायचं राहिलं का?"

"कोण मोठ्याई?" सुदर्शन बोलून गेला.

"मला जिनं वाढवलं ती," प्रेरणा म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती चार वर्षांची असताना तिची आई वारली. साहेबरावांचे थोरले भाऊ त्याच्या आधीच गेले होते. त्या भावाच्या बायकोनं, भागूबाईनं, प्रेरणाला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. शाळेचा डबा, तापातलं जागरण, बारावीच्या परीक्षेला एसटीनं सोबत जाणं, सगळं तिनंच केलं. लग्नातही कोठीच्या खोलीची किल्ली तिच्याच कमरेला होती.

"बघतो, ताई. असणार कुठंतरी," सुदर्शन म्हणाला. पाच हजारांत एक बाई नसेल, हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

फोटो निवडायचं काम त्याची बायको सुरेखा करी. तिचा कॉम्प्युटर स्टुडिओच्या आतल्या खोलीत होता. प्रेरणानं वर्णन दिलं होतं: फिकट निळं लुगडं, सडपातळ बांधा, मोकळं कपाळ, डाव्या हातात पितळी कडं. दोघांनी दोन दुपारी घालवल्या. दुसऱ्या दुपारी सुरेखानं शोधता शोधता कागदावर रेघोट्या ओढायला सुरुवात केली.

"हे काय करतेस?" सुदर्शननं विचारलं.

"मोजतेय. बघू तरी एवढे कशाचे काढले ते. नवरीचे एकोणीसशे. नवरदेवाचे साडेबाराशे. ड्रोनचे तीनशे, त्यात नुसती मांडवाची छतं. अन् अहो, स्टेजवरच्या प्लास्टिकच्या मोराचे एकसष्ट!"

"मोराचे? एकसष्ट कसे असतील?"

"दोनदा मोजलेत मी."

सुदर्शनला हसू आलं आणि लगेच ते विरलं. मोराचे एकसष्ट आणि भागूबाईचा एकही नाही? त्याला आता तो आकडा खरोखर खुपू लागला. तो स्टूल ओढून सुरेखाच्या शेजारी बसला आणि हळदीचे फोटो पुन्हा पहिल्यापासून सरकवायला लागला.

सुरेखानं एका फोटोवर बोट ठेवलं. "थांबा. इथं बघा."

उजव्या कडेला निळ्या पदराचं टोक होतं आणि अर्धं मनगट. मनगटात पितळी कडं.

"सापडली!" सुदर्शन म्हणाला.

"सापडली कुठं? हात सापडला." सुरेखानं पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. "ही नवरी कुठं बघतेय सांगा."

सुदर्शननं नीट पाहिलं. प्रेरणाच्या गालाला बायका हळद लावत होत्या, पण तिची नजर कॅमेऱ्याकडं नव्हती, बायकांकडंही नव्हती. ती उजवीकडं, फोटोच्या बाहेर कुठंतरी बघत हसत होती. अशा नजरेचे ओळीनं चाळीसएक फोटो होते. काढताना त्याला वाटलं होतं, पोरगी फारच सुंदर हसते. कुणाकडं बघून हसते, हे मनातही आलं नव्हतं.

"अतुलनं काढलेला व्हिडिओ लावतेस का? तेवढ्याच वेळचा," तो म्हणाला.

अतुल त्याचा व्हिडिओवाला जोडीदार. त्याचा कॅमेरा जरा मागं होता, त्यामुळं मांडवाचा खांबही दिसत होता. खांबाला टेकून भागूबाई उभी होती. पदराचं टोक दातात धरलेलं, डोळे पोरीवर. एवढ्यात व्हिडिओत एक आवाज आला. घाईचा, पण तसा नम्र.

"मावशी, जरा बाजूला सरका. तुमी फ्रेममधी येऊ राहिल्या."

निळं लुगडं खांबाआड गेलं.

आवाज सुदर्शनचाच होता.

सुदर्शन उठून बाहेरच्या काउंटरपाशी गेला. समोरच्या रस्त्यावरून लष्कराची एक गाडी गेली, मागून दोन रिक्षा गेल्या. बावीस वर्षांत आपण किती जणांना सरका म्हटलं असेल, याचा तो अंदाज बांधू लागला आणि त्याला तो बांधता येईना.

संध्याकाळी तो बद्रीकाकांकडं गेला. बद्रीनाथ म्हणजे त्याचे गुरू. छावणीच्या बाजारामागं राहायचे. त्यांच्या हाताखाली सुदर्शन लागला तेव्हा रोलचे कॅमेरे शेवटच्या घटका मोजत होते. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्यापासून काका अंगणात खुर्ची टाकून रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचून काढत.

"काका, रोलच्या काळात एका लग्नाला किती फोटो काढायचा तुम्ही?"

"तीन रोल. छत्तीस त्रिक एकशे आठ. रोलच्या शेपटाला एखादा जादा निघाला तर निघाला."

"अन् एकशे आठात घरचे सगळे यायचे?"

"कायकू आते!" काका जोरात हसले. "आधं गाव राहून जायचं. लोक भांडायला दुकानात यायचे. एका नवऱ्या मुलाचा मामा तर सहा महिने माझ्याशी बोलला नव्हता. कमी काढले म्हणजे चांगले काढले असं नसतं, बाबा. आज तुझा कॅमेरा माझ्याकडं असता तर मीबी बटणावरनं बोट उचललं नसतं."

सुदर्शनला वाटलं होतं, काका म्हणतील आमच्या वेळेला असं नव्हतं. ते म्हणालेच नाहीत. मग त्यानं भागूबाईची सगळी हकीगत सांगितली. काकांनी पेपरची घडी घातली.

"मी एक करायचो. आदल्या दिवशी लग्नघरी जायचो. चहा घेता घेता घरातल्या बाईला विचारायचं, 'कुणाचा फोटो राहिला तर तुमच्या जिवाला लागंल?' बाईलाच विचारायचं हां. बाप्याला विचारलं तर तो पुढाऱ्यांची नावं सांगतो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू बरोबरच असायचास की. मला वाटलं, बघतोयस." काकांनी त्याच्याकडं पाहिलं. "तू तेव्हा बाहेर बसून रोल भरत असशील."

पुढच्या रविवारी प्रेरणा माहेरी आली होती. सुदर्शन आणि सुरेखा गंगापूरला गेले. गावाबाहेर उसाच्या कडेला साहेबरावांचं नवं स्लॅबचं घर होतं. ओट्यावर भागूबाई लसूण सोलत बसली होती. सुदर्शननं तिला ओळखलं ते कड्यावरून.

तो तिच्यासमोर खालीच बसला. "मावशी, हळदीला मी तुम्हाला सरका म्हणालो होतो. मला माहीत नव्हतं तुम्ही कोण ते. चुकलं माझं."

भागूबाईनं पाकळी सुपात टाकली. "व्हय, म्हणाला व्हता. पण मी सरकणारच व्हते. तुमी म्हणाला नसता तरीबी."

"का?"

"हळदीच्या पाटापाशी माझ्यासारखीनं थांबू नाय म्हणत्यात. मी नाय म्हणत, लोक म्हणत्यात. पोरीच्या लग्नात कुणाला बोलायला जागा कशाला द्यायची? पण बघायचं तर व्हतं. मंग खांबाला टेकले. ती मला बघत व्हती, मी तिला."

प्रेरणा दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "मला वाटलं, मला दिसतेस म्हंजी फोटोतबी असशील. मी स्टेजवर बोलवलं तेव्हा तू 'येते, येते' म्हणालीस अन् आलीच नाय."

"कोठीवर कोण बसलं असतं? तुझा बाप?"

सगळे हसले. मग भागूबाईनं लसूण बाजूला ठेवला आणि सुदर्शनला विचारलं, "पाच हजार काढले म्हणं. एवढं काढण्यासारखं व्हतं तरी काय तिथं?"

सुदर्शननं खरं ते सांगितलं. नवरीचे एकोणीसशे, मांडवाच्या छताचे तीनशे, मोराचे एकसष्ट.

"कोंच्या मोराचे? त्या पिलास्टिकच्या?" भागूबाई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि सुरेखाला पाणी आणायला आत पळावं लागलं.

सुदर्शनच्या मनात होतं की हळदीचं ताट आणावं, प्रेरणाला पाटावर बसवावं आणि राहिलेला फोटो आज काढावा. त्यानं तसं विचारलंही. भागूबाईनं मान हलवली.

"झालं ते झालं. आता सोंग कशाला आणायचं? तुमाला काढायचाच असंल तर ती आल्यावर मी तिच्या डोस्क्याला तेल लावत असते, तो काढा."

प्रेरणा पायरीवर बसली. भागूबाई मागं बसली, तेलाची वाटी शेजारी. कॅमेरा समोर आहे म्हणून ती पहिली दोन मिनिटं ताठ राहिली. मग प्रेरणानं सासरच्या भेंडीच्या भाजीची काही तक्रार केली आणि भागूबाईचं लक्ष तिकडं गेलं. सुदर्शननं त्या वेळी फोटो काढले. बटण दाबून न धरता, एकेक करून.

"झाले का?" भागूबाईनं विचारलं.

"झाले. नऊ."

"नऊच? अन् मोराचे एकसष्ट!"

साहेबराव इतका वेळ ट्रॅक्टरपाशी उभे होते. ते जवळ आले, टोपी सारखी केली आणि जरा अडखळत म्हणाले, "माझाबी एक घ्या. वैनीसंगं." मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "आमचा एकबी नाय दोघांचा. तीस वर्षं झाली एका घरात." ते वहिनीच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसले. सुदर्शनच्या तोंडावर सवयीनं 'जरा जवळ सरका' आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि अंतरासकट फोटो काढला.

एप्रिलमध्ये त्याच्याकडं अजिंठ्याजवळचं एक लग्न होतं. केरबा आणि म्हाळसाबाई या मेंढपाळ जोडप्याच्या धाकट्या मुलाचं, शिवमचं. या वेळी सुदर्शन आदल्या दिवशीच जाऊन पोचला. केरबा त्याला पाहून गोंधळला. "लगीन उद्या हाय, साहेब."

"माहितेय. चहा प्यायला आलो."

चूल फुंकणाऱ्या म्हाळसाबाईला त्यानं काकांचा प्रश्न विचारला. केरबा मधेच सरपंचाचं नाव घेऊ लागला तसं सुदर्शनला काकांचं बोलणं आठवलं आणि त्यानं हसू दाबलं. म्हाळसाबाईनं मात्र चुलीत आणखी एक काटकी सारली.

"समदे येतील," ती म्हणाली. "आमचा हनुमान नाय यायचा."

हनुमान हा तिचा थोरला मुलगा. मेंढरं दोन कोसांवर एका शेतात बसवलेली होती. लग्न असो नाहीतर काही असो, कळप सोडून सगळ्यांना येता येत नाही, कुणीतरी मागं राहावंच लागतं. या खेपेला तो राहिला होता. "धाकट्याच्या लग्नात त्याचा फोटो नसंल. पुढं नातवंडं विचारतील, थोरला काका रुसला व्हता का?"

लग्नाच्या दिवशी सकाळी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानं मोटरसायकल काढली. मागं गळ्यात कॅमेरा अडकवून सुदर्शन बसला. मुहूर्ताला अजून तीन तास होते. बांधाबांधानं, धूळ उडवत ते त्या शेतापाशी पोचले.

हनुमाननं गाडी ओळखली आणि मेंढरांभोवतीची जाळ्याची वाघूर सोडून धावत आला. भावाच्या डोक्यावर फुलं बघून त्याला काय करावं ते सुचेना. त्यानं आधी पटका सोडला, पुन्हा बांधला, मग म्हणाला, "लगीन टाकून इथं कशाला मरायला आलास, येड्या?" आणि शिवमला कवेत घेतलं.

सुदर्शन दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. कळप मोटरसायकलभोवती गोळा झाला होता. शिवम भावाच्या पाया पडायला वाकला, त्याच्या कपाळावरची फुलं खाली लोंबली आणि एका कोकरानं मान उंचावून मुंडावळ्यांचा एक लोंबता सर तोंडात घेतला.

"अरं, अरं, सोड!" हनुमान कोकराकडं झेपावला. कोकरू फुलं चावत मागं पळालं. शिवम एका हातानं उरलेल्या मुंडावळ्या धरून उभा राहिला, हनुमाननं त्याच्या खांद्याला धरून स्वतःला सावरलं आणि दोघं भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

"आता आय काय म्हणंल?" शिवम म्हणाला.

"म्हणू दे. फोटो हाय साक्षीला," हनुमान म्हणाला. मग सुदर्शनकडं वळून त्यानं काळजीनं विचारलं, "साहेब, कोकरू आलं ना त्याच्यात?"