सिस्टरांचा पाय

"देह आहे, सामान नाही," असं म्हणत सिस्टर स्ट्रेचरची पुढची बाजू स्वतः धरायच्या आणि पेशंटच्या उघड्या पावलांवर चादर ओढायच्या. दवाखान्यात चार दिवस काढले असतील, तर अशी एखादी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. पंचवटीतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढायचे. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. कॅथलिक, नवरा वारलेला, एकुलती मुलगी वसईला दिलेली.

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की कागदात जिलेबी बांधून त्या नाशिकरोडच्या चर्चला पळायच्या. हरसूलकडचे आमचे वॉर्डबॉय मामा एकदा म्हणाले, "सिस्टर, तिकडं पण झेंडा हाय का?"

"आज मारियामातेचा सण. देवानं तिला देहासकट स्वर्गात घेतलं."

"म्हंजे तुकाराम महाराजांवानी?"

"तसंच समजा. विमानाचं मात्र आमच्यात कुणी बोलत नाही."

"आन तुमचं कवा?"

"आमचा नंबर जगाच्या शेवटच्या दिवशी, तेव्हा देव सगळ्यांना देहासकट उठवणार. तोवर मातीत थांबायचं."

एसटीची वेळ सांगावी, तसं त्या हे सांगायच्या.

पुढे शुगरने त्यांचा डावा पाय धरला. अंगठा काळा पडला, मग पाऊल. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढायचं ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ऑपरेशनसाठी धीर देणाऱ्या सिस्टर सही करेनात. एक्स-रेच्या टेबलावर त्या रडल्या, तेव्हा खोलीत मी एकटीच होते.

"पाय जातोय त्याचं काही नाही गं. पण तो पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाणार. इतक्या ड्यूट्या केल्या त्याच्यावर उभं राहून."

"मग आपण तो मागून घेऊ," मी म्हणाले. असं मागता येतं की नाही, मला तरी कुठे माहीत होतं!

डॉक्टर आधी हसले. मग सिस्टरांचा चेहरा पाहून त्यांनीच रीतसर परवानगी काढून दिली. चर्चचे फादर म्हणाले, "पुरायला काहीच हरकत नाही." सिस्टरांनी सही केली.

ऑपरेशननंतर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय मांडीवर घेऊन मामा रिक्षात बसले, शेजारी मी. दफनभूमीत सिस्टरांच्या नवऱ्याच्या थडग्याला लागूनच लहानसा खड्डा खणला होता. फादरांनी प्रार्थना केली. आम्ही दोघांनी मूठ मूठ माती टाकली. परतताना मामांनी हळूच विचारलं, "ताई, नुसत्या पायाचं सुतक धरत्यात का?"

हे सांगितलं तेव्हा सिस्टर टाके दुखेपर्यंत हसल्या.

नकली पायावर त्या काही महिने कामावर आल्या. वॉर्डात फिरणं जमेना, म्हणून नव्या पोरींना बसल्या बसल्या शिकवायच्या. मग दुसऱ्या पायालाही सूज यायला लागली आणि मुलगी त्यांना वसईला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मुलीचा फोन आला, तोवर तिकडेच दफन झालं होतं. मी चाचरत म्हणाले, "अगं, त्यांचा पाय मात्र इकडेच राहिला. तो तिकडे..."

"आईला मी विचारलं होतं, मावशी," ती म्हणाली. "ती म्हणाली, राहू दे तिथंच. देवाला नाशिकचा रस्ता माहीत आहे."