मागं तोंड करून बसणारा मामा

युनूसभाईंचा फोन आला तेव्हा मी रिसोडला जेवून आडवा झालो होतो. त्यांचं बॅटरीचं दुकान आमच्या वाशीमकडच्या मालेगावात मामाच्या दुकानाला लागून. मामाचा मोबाइल पुन्हा रुसला असेल, असं धरूनच मी फोन उचलला. ते म्हणाले, "मामा खुर्चीत बसले हायेत, पण उठून नाही राह्यले. तू ये." उठत नाहीत म्हणजे काय, असं मी विचारलं. पुन्हा विचारलं... काही आठवडे झाले, अजून तेच विचारतो आहे. सकाळीच तर बोलला होता माझ्याशी. ऋतुजाच्या फोनची वाट पाहत होता.

दादारावमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्नाला, उरुसाला, सभेला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. सगळं मालेगाव त्याला मामा म्हणायचं, म्हणून माझी मुलगी ऋतुजाही मामाच म्हणायची. त्याची एक खोड होती. मिरवणुकीत भोंग्याच्या गाडीवर तो ड्रायव्हरकडे पाठ आणि मागच्या माणसांकडे तोंड करून बसे. त्यासाठी गाडीत लोखंडी खुर्ची उलटी वेल्ड करून घेतली होती. माझ्या वरातीत मी घोड्यावर, आणि मामा पूर्ण रस्ताभर माझ्याकडे टक लावून. सासरच्यांना वाटलं, नवरदेव पळेल म्हणून पहारा बसवलाय. पळायचा विचार मनात आला होता, नाही असं नाही. पण घोडं माझं ऐकणारं नव्हतं, आणि पुढे घरातही कुणी ऐकलं नाही.

या खोडीमागचं कारण मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं. ते निघालं ऋतुजामुळे. ती पुण्यात शिकते. तिकडे दूर देशात लेकरांवर बॉम्ब पडताहेत, म्हणून तिच्या कॉलेजातली मुलं मोर्चा काढणार होती आणि माइक हिच्या हाती राहणार होता. बाप म्हणून जे बोलायचं ते सगळं मी बोलून घेतलं. माझा स्वतःचा चळवळीतला अनुभव एवढाच, की कॉलेजच्या कँटीनमधल्या शिळ्या समोशांविरुद्धच्या आमच्या उपोषणातून गरम समोसे आल्यावर सर्वांत आधी मी उठलो होतो. तिनं ऐकलं नाही, तेव्हा मी मामाकडे जाऊन त्याच्या हातात फोन स्पीकरवर लावून दिला. तो तिला दटावेल, ही माझी हुशारी.

मामानं विचारलं, माइक घेऊन तोंड कुठं करशील? पुढं, गेटाकडे, ती म्हणाली. मामा खुर्ची ओढून बसला. मग सांगू लागला... व्हिएतनामच्या युद्धाच्या वेळी तो नागपूरला शिकत होता. पोरांचा मोर्चा निघाला. हा सर्वांत पुढे, रिक्षावर भोंगा घेऊन. समोर गेट बंद झालं, बाजूनं लाठ्या सुरू झाल्या, आणि हा आपल्याच आवाजाच्या धुंदीत 'पुढं चला' ओरडत राहिला. मागचे रेटत आले. मधे त्याचा खोलीतला जोडीदार वसंता पडला. त्याचा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

"पोलिसाइनं नाही तुडवलं त्याले, बाई. आमच्याच पोराइनं तुडवलं. माह्या आवाजानं. माहे डोये गेटावर, मांगं काय होऊन राह्यलं ते पाह्यलंच नाही."

आता तरी तो तिला नाही म्हणेल असं मला वाटलं.

"युद्ध नको म्हणत होतो, ते बरोबरच होतं. आजही बरोबर हाये. तू जाय. पण तोंड मांगं ठेव. रेटारेटी झाली का घोषणा बंद, अन् मांगच्याइले आधी थांबव. मंग मले फोन कर. कोणाले लागलं का, तेवढंच सांग."

मी म्हटलं, मामा, मी काय म्हणतो... तो म्हणाला, "तू समोसा खाय."

त्यानंतर चारच दिवसांनी मोर्चा होता आणि त्याच दुपारी युनूसभाईंचा फोन. मी मोटारसायकलनं पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. मामा खुर्चीत होता, डोळे मिटलेले, मोबाइल मांडीवर. लोक येतील, खाली घ्यायला हवं, असं काहीतरी युनूसभाई बोलत होते. मी मोबाइल उचलला आणि तो हातातच वाजला.

"मामा, रेटा आला होता. मांगच्याइले आधी थांबवलं. कोणालेच लागलं नाही. ऐकून राह्यले ना?"

पुण्यात ती पुस्तकातलं बोलते, वऱ्हाडी फक्त मामाशी. युनूसभाई हळूच म्हणाले, "त्याइच्या कानाले लाव." मी लावला. का लावला, माहीत नाही. "मामा?" ती पुन्हा म्हणाली... मग मात्र मला बोलावंच लागलं.

परवा मामाची भोंग्याची गाडी विकत घ्यायची म्हणून पाहायला रिसोडचा एक जण आला. ही उलटी खुर्ची काढून द्या, म्हणाला. घरी आलेल्या ऋतुजानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. उभ्या उभ्या गाडी बंद पडू नये म्हणून युनूसभाईंनी ती शिरपूरच्या रस्त्यानं फिरवून आणायची ठरवली. मी त्या खुर्चीत चढलो. पोट मधे येत होतं, कसाबसा मावलो. गाडी निघाली. पुढून काय येतंय ते दिसेना, जीव घाबरला, दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मागचं मात्र सगळं दिसत होतं. मामाच्या दुकानाचं ओढलेलं शटर, त्यापुढे उभी ऋतुजा. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवली नाही.