घाटावरच्या शोकसभेतला एक शब्द

आमच्या भागात चितेने पेट घेतला की भाषणं सुरू होतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो नुसता तोंडाकडे पाहत राहतो. पण भंडारा जिल्ह्यात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. अग्नी दिला, ज्वाळा वर चढल्या, की कोणीतरी म्हणतो, "चला जी, शोकसभा घेऊन घेऊ." लोक सावली पाहून बसतात, चार जण चार शब्द बोलतात, दोन मिनिटं मौन होतं आणि मंडळी हातपाय धुऊन घराकडे निघते. या सभेला संचालन करणारा लागतो. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या दोन-चार गावांत तो म्हणजे मी.

मी शाळेत मराठी शिकवत होतो, आवाज खणखणीत आहे आणि नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी लायकी. पण या कामात माझं डोकं फार तापतं. आमच्याकडे मेला तो मनमिळाऊ. जन्मभर बांधावरून भांडलेला, सख्ख्या भावाशी अबोला धरलेला माणूस घाटावर आला की मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी होऊन जातो. एकदा मी एका वक्त्याला मध्येच थांबवून विचारलं, "हसतमुख म्हणता, पण हसले कधी ते? एखादी गोष्ट सांगा." त्याला राग आला, लोकांनाही आला. काय करणार, मला खोडच आहे, विचारल्याशिवाय राहवत नाही. माझी बायको म्हणते, "यम दारात आला त हे त्याले बी विचारतीन, काहून आले जी म्हनून."

तर धान कापणीचे दिवस होते. सकाळी सकाळी फोन आला की मेजर गेले. हे मेजर म्हणजे मेजर नव्हते, हवालदार होऊन निवृत्त झाले होते. पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे मेजरच म्हणतात. त्यांनी स्वतः हे कितीदा तरी दुरुस्त करून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. फोनवर त्यांचा मुलगा होता. त्याचं लाखनीला हायवेवर हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस सरळ आणि हळवा. तो म्हणाला, "सर, बाबानं सांगून ठेवलं होतं. भटजी नको, पिंड नको, तेरवी नको. गुरुजीले बलावा, ते चार शब्द बोलतीन, तेवढं बस."

मी चाटच पडलो. आमची ओळख तशी चहाच्या टपरीवरची. सकाळी हायवेच्या टपरीवर दोघंही जायचो. ते ट्रकांकडे तोंड करून बसायचे आणि मी पेपर वाचायचो. फौजेत ते गाडी चालवायचे, डोंगरातल्या रस्त्यांवर, वर राशन आणि दारूगोळा पोचवायला. मी एकदा विचारलं होतं, लढाई पाहिली का? तर म्हणाले, "रस्ता पाहिला गुरुजी. गाडी चालवताना दुसरं काही पाहाता येत नाही." एवढ्या भांडवलावर मी भटजीच्या जागी उभा राहणार होतो. आणि पिंड नको म्हणणारा हा माणूस नास्तिक होता का, तेही मला ठाऊक नव्हतं. देवळाच्या ओट्यावर बसायचे, पण हात जोडताना पाहिल्याचं आठवेना. म्हटलं, आधी घरी जावं आणि नीट विचारावं. भाषणासाठी तर विचारायचंच होतं, पण खरं सांगायचं तर मला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं.

अंगणात गर्दी जमायला लागली होती. कापणी सोडून लोक आले होते, काहींच्या हातात अजून विळे होते. मुलाला विचारलं, पिंड का नको म्हणाले? त्याला माहीत नव्हतं. "बाबा काही सांगत नव्हते न सर," एवढंच. शेवटी मी आत जाऊन वैनीजवळ बसलो. वैनी म्हणजे मेजरची बायको, सत्तरीपार गेलेली बारीकशी बाई. रडणाऱ्या बायकांच्या मधोमध ती एकटीच कोरड्या डोळ्यांनी बसली होती. मी विचारलं तशी म्हणाली, "तवा मेलेल्या मानसाले घरी नव्हते धाडत गुरुजी. लढाई चालू असली की तिथंच लाकडं जमा करत. ह्यायनं बी आपल्या हातानं दिला दोस्तायले अग्नी. ना भट, ना पिंड. उभे राहिले, सलाम केला, गाडीत बसले. मले म्हनत, त्यायले जे भेटलं नाही ते मले कायले पाह्यजे?"

इतकी वर्षं शेजारी बसून चहा प्यालो आणि हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. लाखनीहून बॅनर आलं होतं. अंगणात दोन पोरांनी ते उलगडून धरलं, तसे सगळे पाहायला सरकले. वर तिरंगा, मध्ये मेजरचा वर्दीतला तरुणपणचा फोटो, एका कोपऱ्यात पेटलेली ज्योत, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत ओळ: वीर शहीद जवान अमर रहे. बॅनरवाल्याकडे फौजीचं डिझाइन तयारच असतं. त्याने फोटो बदलला, नाव बदललं, वरची ओळ तशीच ठेवली. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाने तर मोबाइलवर फोटो काढून पुढे धाडूनही दिला. मी मराठीचा मास्तर, माझं तोंड उघडलंच होतं, पण वैनी माझ्या मागोमाग बाहेर आली होती. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ओठ हलवत तिने ती ओळ वाचली आणि म्हणाली, "हे काढा."

मुलगा म्हणाला, "माय, चुकून झालं असन. पन मान असते तो. राहू दे न."

"मान असन. ज्यायचा आहे त्यायचा असन. आपला नाही."

"आता दुसरं बॅनर कुठून आनू? लोकं येऊन राहिले. लाखनीहून माजी सैनिक निघाले आहेत."

वैनी ओट्यावर बसली. मग मुलाशी बोलायचं सोडून माझ्याकडे वळली. "गुरुजी, माह्यं लग्न होऊन वरीस झालं नव्हतं अन् लढाई लागली. रेडिओ गावात एकच, चावडीपाशी. मी पान्याले गेली की वळसा घेऊन जाओ, कानावर काही पडू नये म्हनून. पोस्टमन दिसला की कोठ्यात शिरो, म्हशीच्या मांगं. मले वाटे, मी दिसलीच नाही त तो मौतीचा कागद देईन कोनाले? बाजूच्या गावात एकीच्या घरी आला होता. तिले पाहून आली होती मी. ह्या शब्दाच्या भेवानं मी अर्धी झाली जी. अन् ते वापस आले. म्हातारे झाले. माह्या हातची पेज पिऊन माह्या घरी मेले. अन् आता तोच शब्द आनून दारात टांगता?"

मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याचंही मला वाईट वाटत होतं. बापाने आयुष्यभर काही सांगितलं नाही, निदान बॅनरवर तरी त्याला बाप मोठा दिसत होता. वैनी मला म्हणाली, "घाटावर तुमी बोलनार आहा न? मंग तो शब्द तिथं निघाला नाही पाह्यजे. माह्यं एवढं करा." मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं. घाटावर कोण काय ओरडेल ते माझ्या हातात थोडंच होतं?

बॅनर वरून दुमडावं असं मी सुचवलं. पण दुमडलं की ओळीबरोबर तिरंगाही दुमडत होता. मुलगा म्हणाला, "झेंडा कसा वाकवू सर?" ते खरंच होतं. शेवटी 'शहीद' या शब्दावर पांढरा कागद चिकटवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला झेंडूच्या माळा लावल्या, समोर बॅनर बांधलं आणि निघालो. बायका नेहमीप्रमाणे गावाच्या शिवेवरून परत फिरायला लागल्या, पण वैनी थांबली नाही. एक म्हातारी तिला म्हणाली, बाईनं घाटावर येऊ नये. तर वैनी म्हणाली, "विधीच नाही त मनाई कोनाची?" आणि ट्रॉलीच्या मागे चालत राहिली.

आमचा घाट तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली आहे. पाळीवरून जाताना वाऱ्याने तो कागद सुटला आणि उडून तलावात पडला. शब्द पुन्हा सगळ्यांसमोर. मी मुलाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. पण आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

मुलाने अग्नी दिला. माजी सैनिकांनी ओळीत उभं राहून सलाम केला आणि मी माइक घेऊन बोलायला उभा राहिलो. म्हटलं, "मेजर मनमिळाऊ नव्हते." लोकांनी चमकून वर पाहिलं. "आणि मेजरही नव्हते. हवालदार होते. बोलायचे कमी. टपरीवर कोणी जास्त बडबड केली तर चहा अर्धा ठेवून उठायचे. माझ्यामुळे कितीदा तरी अर्धा ठेवला असेल." थोडं हसू पसरलं. मग मी त्या डोंगरातल्या रस्त्यांबद्दल बोललो. पिंड का नको ते सांगितलं, तेव्हा पुढे बसलेल्या एका माजी सैनिकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, जमलं. आता मौन सांगायचं आणि सुटायचं.

पण आमच्या गावात एक गळा आहे. निवडणूक असो, गणपती असो, मोर्चा असो, नारे तोच देतो. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. समोर बॅनर होतं, बॅनरवर ओळ होती. त्याने मूठ वर केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "वीर शहीद जवान," आणि दोन-अडीचशे लोकांनी म्हटलं, "अमर रहे." सवयीने म्हटलं. माझे ओठसुद्धा हलले असतील, सांगता येत नाही.

"थांबा," मी ओरडलो. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. वैनी एका बाजूला दगडावर बसली होती, ती उठली. तिच्यासाठी कोणी माइक पुढे केला नाही, तिलाही नको होता. ती त्या नारेवाल्याशीच बोलली, शेजारणीशी बोलावं तसं.

"तसं नको म्हनू बाप्पा. शहीद कोन असते ते मले मालूम आहे. जो 'येतो' म्हनून घरून निघते अन् येत नाही, तो शहीद असते. त्यायच्या घरच्या बाया अजून वाट पाह्यतात. हे दर डाव 'येतो' म्हनून गेले अन् दर डाव आले. माह्यं सौभाग्य हेच होतं. ते माह्यापासून काहून घेता?"

नारेवाल्याने मूठ खाली घेतली. चिता तडतडत होती. मुलगा ट्रॉलीजवळ गेला आणि बॅनरची दोरी सोडायला लागला. गाठ सुटत नव्हती तेव्हा दोन माजी सैनिक त्याच्या मदतीला गेले. बॅनर खाली आलं. त्यांनी ते आधी तिरंग्याची बाजू सांभाळून नीट गुंडाळलं आणि मुलाच्या हातात दिलं.

वैनीला वाटलं असावं, अजून थोडं सांगायचं राहिलं. ती चितेकडे पाहत म्हणाली, "काल रात्री मात्र 'येतो' नाही म्हनाले. माह्या हाताले धरलं अन् म्हनाले, जातो. पह्यल्यांदाच म्हनाले. मले तवाच समजलं. खोटं बोलाची सवय नव्हती त्यायले."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. दुसरा कोणीही गप्प बसला असता. पण मी जन्मभर पोरांना मराठी शिकवली आहे. आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, आणि घरातला माणूस 'या' म्हणतो. 'येतो'ला 'या' आहे. 'जातो' म्हटल्यावर काय म्हणायचं, ते आपल्या भाषेत ठरलेलंच नाही. तसा प्रसंगच येऊ देत नाही आपण. आणि या बाईवर तो आला होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मग तुम्ही काय म्हणालात वैनी?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. रागावली नाही. कोणीतरी विचारलं याचं तिला बरंच वाटलं असं मला आजही वाटतं. तोपर्यंत कोरडे असलेले तिचे डोळे आता भरून आले होते.

"काय म्हननार जी," ती म्हणाली. "उभ्या जन्मात त्यायले जा म्हटलं नव्हतं. काल म्हटलं. जा."