रिबीन बांधलेले पंखे

“हसतेस काय? रड! अगं, रड जरा!”

मॅडम ओरडत होत्या. पिंपळे सौदागरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. आवाज असा, की खाली पार्किंगमधल्या गाड्या आपोआप कोकलायला लागाव्यात. एसी असा, की तिथं मासळी ठेवली असती तर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली असती. आणि मी, नुकतीच दहावीत गेलेली, दोन वेण्या, माइकसमोर उभी. हसत.

माझं हसू म्हणजे रोगच होता. मला मार बसला तरी हसू यायचं. भीती वाटली की जास्त. रहाटणीत आमच्या वस्तीत म्हणायचे, ही पोरगी स्मशानातसुद्धा मयताला उठवून विनोद सांगेल. थापा मारण्यात माझा हात धरणारं काळेवाडीपर्यंत कुणी नव्हतं. म्हणूनच सरांनी मला निवडलं होतं. बोलकी आहे, स्टेजला घाबरत नाही.

सर म्हणजे आमच्या अभ्यासिकेचे सर. दिवसा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर, संध्याकाळी आमचे मास्तर. अंगाला ऑइलचा वास, खिशात खडू. फी नाही. अभ्यासिका म्हणजे पत्र्याची एक खोली. एप्रिलमध्ये तिथं वहीवर अंडं फोडलं तर ऑम्लेट होतं, असं मी शाळेत सांगायचे. पोरी म्हणायच्या, थापाडी. एकदा एक जण येऊन बसली. घरी जाताना म्हणाली, “कमीच सांगत होतीस गं.”

तर त्या खोलीला पंखे मिळणार होते. उभे, स्टँडचे. मॅडमचं मंडळ गरीब वस्त्यांना मदत करायचं. आधी कार्यक्रम, मग पंखे. आणि कार्यक्रम म्हटला की शेवटी ‘एका लाभार्थी विद्यार्थिनीचं मनोगत’. लाभार्थी मी.

तालमीला मॅडमनी विचारलं होतं, “वडील काय करतात?”

“चाकणला कंपनीत आहेत. कॉन्ट्रॅक्टवर.”

“पितात?”

“नाही.”

“अगं, लाजू नकोस.”

“चहा पितात. बशीत ओतून.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात मऊ होता, हे खोटं नाही. “सगळ्याच मुली आधी असंच सांगतात. कळतं मला.” मग विचारलं, “त्यांच्या हाताला काय झालंय? सर म्हणत होते.”

मी सांगितलं. पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. डबल शिफ्ट. माल लवकर निघावा म्हणून हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझरनं बंद करून ठेवलेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता पॅकिंगला आहेत.

“हं,” मॅडम म्हणाल्या. “पण ह्यात स्टोरी कुठंय?”

सर शेजारीच बसले होते. एरवी एक चिन्ह चुकलं तर अख्खं गणित परत करायला लावणारे सर. ते समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

मॅडमनी मला एक कार्ड दिलं. त्यात माझं बोलणं. अंधार होता, तुम्ही दिवा झालात, असलं. बोटांबद्दल काही नव्हतं. बापाबद्दलही नव्हतं. मी म्हटलं, चला, एवढंच ना? चार थेंब पाणी काढायचं डोळ्यांतून. पंख्यांसाठी मी अख्खी पवना नदी वाहवली असती. शेवटी मॅडमना मनासारखं रडून दाखवलं. नाक ओढलं. आवाज कापरा केला. त्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, “परफेक्ट! संध्याकाळी अस्संच!”

मला अभिमान वाटला त्या टाळ्यांचा. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

संध्याकाळी अप्पा आले. माझे वडील. खाडा करून आले. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा खाडा म्हणजे काय, ते ज्याच्या घरी हजेरीवर चूल पेटते त्याला विचारा. इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल इतकं, की वस्तीभर भजी तळून झाली असती. पुढं सोफे होते, ते त्यांच्या लोकांना. आमचे लोक मागं, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. अप्पा खुर्चीच्या कडेला बसले होते. जशी खुर्ची कुणीतरी परत मागणार आहे.

स्टेजवर पंखे उभे. प्रत्येकाच्या गळ्यात लाल रिबीन. नवरदेवासारखे. अभ्यासिकेची बारकी पोरं त्यांच्याकडं असं बघत होती, जसं नुसत्या बघण्यानं वारा येणार आहे.

मॅडमनी माझी ओळख करून दिली. वाचून. तो कागद मी तोवर पाहिलेलाही नव्हता.

“दारूच्या आहारी गेलेल्या वडिलांनी नशेत मशीनमध्ये हात घातला आणि दोन बोटं गमावली. अशा अंधाऱ्या घरातून ही कळी उमलते आहे.” मग मागं बघून, गोड आवाजात, “बाबा आलेत ना? उभे राहा बाबा. लाजू नका. आम्ही तुम्हाला नावं ठेवायला बसलेलो नाही.”

अप्पा उभे राहिले. माझा बाप साधा. कुणी ऊठ म्हटलं की उठणारा. उठले आणि सवयीनं दोन्ही हात जोडले.

त्या नमस्कारात आठ बोटं होती.

सगळ्या सोफ्यांच्या माना वळल्या. बायका ‘च् च्’ करायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. बापाच्या तुटलेल्या बोटांना टाळ्या. टाळ्या थांबायच्या आत अप्पांना बहुतेक कळलं, आधी काय वाचलं गेलं ते. त्यांनी हात खाली घेतला. पँटच्या खिशात घातला. आणि बसले. खिशात हात घालून कधी न बसलेला माणूस.

आणि मी? मी स्टेजवर हसत होते. तो माझा रोग. तोंड तसंच ताणलेलं राहिलं. बापानं वर बघितलं तेव्हा त्याला पोरगी हसताना दिसली. जमीन दुभंगून मला गिळेल तर बरं, असं वाटलं. पण तिथं इटालियन फरशी होती. ती कशाला दुभंगते?

मॅडमनी माइक माझ्या हातात दिला. पाठीवर थाप मारली. कानात म्हणाल्या, “आता रड.”

मी कार्ड बघितलं. अंधार. दिवा. मग म्हटलं, ह्यांना खोटंच ऐकायचं असेल तर ह्या मुलखात माझ्याइतकं खोटं कुणाला येतं? ह्यांचं खोटं मी का वाचू?

मी कार्ड पालथं केलं.

“माझ्या बापाला दारू चढत नाही,” मी म्हणाले. “कारण तो पीतच नाही. त्याला चहासुद्धा चढतो. माझा बाप असा आहे, की तो शिफ्टला निघाला की चाकणचे ट्रक बाजूला होऊन वाट देतात. एका हातानं तो कांद्याच्या गाड्या खाली करायचा, दुसऱ्या हातानं माझ्या वेण्या घालायचा. त्याची दोन बोटं मशीननं घेतली. सेन्सर बंद होता म्हणून घेतली. ती बोटं कुठं गेली माहीत आहे? तुमच्या गाड्यांत. खाली पार्किंगमध्ये आहेत. आज घरी जाताना गाडीचं दार लावा आणि कान देऊन ऐका. ‘खट्’ वाजतं ना? ती माझ्या बापाची बोटं. मोडतात दर वेळी. तुम्ही दार लावता, तो झोपेत दचकतो.”

एसीसुद्धा वारा टाकायचा थांबला. बरं, एसी थांबला नसेल. पण माइक थांबला. कुणीतरी वायर काढली होती.

मॅडम हसून पुढं आल्या. “मुलगी जरा इमोशनल झालीय!” आणि मला दंडाला धरून खाली उतरवलं. तो हात मऊ नव्हता.

जेवण झालं. त्यांचं. आमच्या पोरांना बाहेर पाकिटं दिली. आम्ही गेटवर उभे असताना टेंपो निघाला. त्यात पंखे होते. रिबिनीसकट. टेंपो रहाटणीकडं न वळता उलटा गेला. बारकी पोरं कितीतरी वेळ हात हलवत राहिली. त्यांना वाटलं, पंखे लांबच्या रस्त्यानं येतायत.

घरी जाताना अप्पा आणि मी चालत होतो. त्यांचा हात अजून खिशातच. मला वाटलं आता बोलतील, रागावतील, काहीतरी. काळेवाडीचा फाटा आला तेव्हा बोलले.

“दार न्हाई गं माय.”

“काय?”

“आमच्याकडं दार होत न्हवतं. गाडीच्या शिटाखालची पट्टी व्हायची.”

बस. एवढंच.

त्या उन्हाळ्यात पोरं उकडून निघाली. ह्यात थाप नाही. सरांनी पत्र्यावर गोणपाटं अंथरली. आम्ही आळीपाळीनं त्यांवर पाणी टाकायचो. टाकलेलं पाणी वाफ होऊन आमच्यावरच यायचं. एका लहान्याच्या मानेवर घामोळ्या पिकल्या. त्याच्या आईनं मला नळावर गाठलं. “तुझ्या तोंडाला लगाम असता तर माझं लेकरू वाऱ्याला बसलं असतं.” बापाची लाज राखायला गेले आणि दुसऱ्याच्या पोराच्या मानेवर फोड आणले. ती घागर भरून गेली, तरी मी नळाशीच उभी.

सर एकदा आमच्या दारात आले. आत आले नाहीत. अप्पांना म्हणाले, “तुम्ही पित नाही, हे मला माहीत होतं. मी तिथंच बसलेलो. बोललो नाही.” अप्पा म्हणाले, “पंख्यापायी ना?” सर म्हणाले, “हो.” अप्पांनी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितला. सरांनी तो उभ्यानंच प्यायला.

आज मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासणीला आहे. कंपनीच्या बसनं परत येते आणि संध्याकाळी त्याच पत्र्याखाली बसते. सरांचे गुडघे गेलेत, ते कधीमधी येतात. पोरं वाढली, पत्रा तोच. एक जुना पंखा आहे. तो फिरताना वाऱ्यापेक्षा शिव्या जास्त देतो.

गेल्या आठवड्यात एक तरुण साहेब आले. एका कंपनीचं समाजकार्याचं खातं बघतात. बोलायला चांगले. बूट बाहेर काढून आत आले. कूलर देणार होते. पोरांचे डोळे लगेच मोठे झाले. जाता जाता म्हणाले, “ताई, छोटा व्हिडिओ लागेल. एखाद्या मुलीची स्टोरी. वडील नसतील तर बेटर.”

मी म्हटलं, “पोरं भूमितीवर बोलतील. आपसातल्या भांडणांवर बोलतील. ह्या खोलीतलं कुणी स्वतःच्या घराचं रडगाणं गाणार नाही. मी असेपर्यंत नाही.”

“म्हणजे, सेन्सिटिव्हली करू आपण.”

“नाही.”

“मग कूलरचं अवघड होईल, ताई.”

“होऊ द्या.”

ते गेले. बाहेर बूट घालताना त्यांना घाम फुटला होता. आत पोरांना त्याहून जास्त. आणि मला ती नळावरची बाई आठवली. ‘नाही’ मी म्हणाले होते. उकडणार ह्यांना होतं. मान वर होईना माझी. तरी पोरांना विचारलं. सगळं सांगितलं, कूलर कशाच्या बदल्यात होता ते. म्हटलं, तुमचं काय म्हणणं आहे?

पंखा शिव्या देत राहिला.

पुढच्या रांगेत आठवीतली एक मुलगी बसते. तिला वडील नाहीत. साहेबांना ते कळलं असतं तर त्यांनी तिलाच उचललं असतं. ती वहीत त्रिकोण काढत होती. तिनं मान वर केली नाही. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून बाहीनं पुसला आणि पट्टी सरकवत म्हणाली,

“उकडू द्या, ताई.”